कॉन्ताडोर दोन वर्षं घरी बसला नव्हता

उत्तेजकाच्या बंदीची दोन वर्षं घरी काढून स्पॅनिश सायकलपटू अल्बेर्तो कॉन्ताडोरने 2012 ची व्हुएल्टा (स्पेनची मोठी सायकल शर्यत) जिंकली, असं एका लेखात म्हटलंय. तारखा नीट बघा. क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं तो नमुना 21 जुलै 2010 चा, टूर द फ्रान्सच्या विश्रांतीच्या दिवशीचा. फेब्रुवारी 2011 मध्ये स्पॅनिश महासंघाने त्याला निर्दोष सोडलं, त्यामुळे वर्षभर तो शर्यती खेळतच होता. क्रीडा लवादाने 6 फेब्रुवारी 2012 ला बंदी घातली ती मागच्या तारखेपासून, तात्पुरत्या निलंबनाचे महिने वजा करून. 5 ऑगस्टला तो मोकळा! सलग बाहेर राहिला जेमतेम सहा महिने. खरा फटका निकालांना बसला: 2010 ची टूर अँडी श्लेकला, 2011 चा जिरो (इटलीची शर्यत) स्कार्पोनीला गेला.

2012 च्या व्हुएल्टात फुएन्ते देच्या टप्प्यावर त्याने शेवटापासून साधारण 50 किलोमीटर आधीच हल्ला चढवला. शेवटचा चढ सौम्य, तिथवर थांबला असता तर हाती सेकंदच लागले असते. लाल जर्सीतला, म्हणजे तोवर आघाडीवर असलेला रॉद्रिगेझ 2 मिनिटं 38 सेकंद मागे पडला.

आणि नमुन्यातलं क्लेनब्युटेरॉलचं प्रमाण लेखात लिहायलाच हवं होतं: मिलिलिटरला 50 पिकोग्रॅम. 2019 पासून मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमपर्यंत (म्हणजे 5000 पिकोग्रॅम) क्लेनब्युटेरॉल सापडलं, तर दूषित मांसाची शक्यता आधी तपासली जाते.