बिल तिसऱ्या दिवशी पाठवलं, ती चूक आमचीच

ताई, नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते काल रात्री बेळगावातलं आमचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान बंद केल्यावर वाचलं. सकाळी वडिलांना वाचून दाखवलं, त्यांना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बिलाचं खरं आहे. आधी ते कबूल कर." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाबांचं रक्षाविसर्जन करून तुम्ही घरीही पोचला नव्हता, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर आमचं ७,९०० रुपयांचं बिल आलं, खाली 'लवकरात लवकर भरणा करावा' अशी ओळ. त्यात ५०० रुपये 'सेवा शुल्क'. कोल्हापुरात हेच सगळं फुकट होतं. गाडी अर्ध्या तासात येते म्हणून सांगितलं आणि सव्वा तास लागला. आमचा ड्रायव्हर जिन्यावर बाबांच्या देहासमोर "निधन, निधन" असं ओरडत होता. आणि शेवटी, "यांच्या आजोबांनी आमच्या आजीच्या वेळी एक पैसा मागितला नव्हता, नातवानं धंदा मांडलाय."

हे शेवटचं वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं.

आजोबा पैसे घ्यायचे, ताई. मागायचे नाहीत. लाल कापडात बांधलेली त्यांची वही अजून गल्ल्यामागच्या फळीवर आहे. कुणाच्या घरी काय गेलं ते त्याच दिवशी लिहायचं आणि वही बांधून ठेवायची. तेरावं झाल्याशिवाय त्या घराचं पान उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. तेराव्यानंतर माणूस आपणहून यायचा. शहरातला रोख द्यायचा. येळ्ळूर, कडोलीकडचा सुगी झाल्यावर भाताचं पोतं आणून टाकायचा. काही पानांवर आडवी रेघ मारलेली नाही, म्हणजे ते पैसे कधी आलेच नाहीत. त्या घरांची नावं आजोबांनी आम्हाला कधी मोठ्यानं वाचू दिली नाहीत. तुमच्या आजींचं पानही त्या वहीत आहे. त्यावर काय लिहिलंय ते इथं सांगणार नाही, तुम्ही दुकानात आलात तर दाखवेन.

हा नियम मी मोडला. गेल्या वर्षी हिशेबासाठी मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यात काम संपल्यावर दोन दिवसांनी बिल आपोआप जातं, भरण्याची आठवणही तेच लावतं आणि सेवा शुल्काचा रकाना आधीच भरलेला असतो. तो रकाना मी कधी उघडून पाहिला नाही. ॲप मी घेतलं, न पाहता मीच वापरलं, तेव्हा दोष माझा. कालपासून ते बंद केलंय. ते ५०० रुपये आमचे नव्हेतच, ते बिलातून काढलेत. बाकीचंही तेराव्याच्या आधी देऊ नका. आधी आलं तर परत पाठवेन.

राहिलेल्या ७,४०० चा हिशेब उघड सांगतो, म्हणजे मनात काही राहायला नको. शीतपेटी एक रात्र २,०००. गाडी १,८००. तिरडीचे बांबू, सुंभ, मडकं, कोरं कापड, तूप, कापूर, राळ, तुळशीची माळ, बुक्का, फुलं आणि आमच्या चार माणसांची मजुरी मिळून ३,६००. कोल्हापूरचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि होळीला लोक शेणी म्हणजे गोवऱ्या दान करतात. त्या शहराचा मला त्यासाठी आदर वाटतो, आपल्याकडेही तसं व्हावं असं मनापासून वाटतं. पण आमच्या बिलात लाकडाचा किंवा शेणीचा एक रुपयाही नाही. स्मशानात जे भरलं ते वेगळं.

चार माणसांची मजुरी आजोबांच्या बिलात नसायची. तेव्हा दुकानातून फक्त साहित्य जायचं. तिरडी बांधायला गल्लीतली जाणती माणसं असायची, खांद्याला पोरं असायची, पंच उभे राहून सगळं बघायचे. चव्हाट गल्लीत, शहापुरात अजून बरंचसं तसंच आहे. तिथं आम्ही सामान पोचवतो आणि मागं उभे राहतो. टिळकवाडीच्या अपार्टमेंटमध्ये रात्री दोन वाजता घरात एक म्हातारी आई आणि पुण्याहून निघालेली मुलं, एवढंच असतं. तिथं बांधणारे हात आम्हालाच न्यावे लागतात. यात कुणाचा दोष नाही, पण त्या हातांना घर आहे.

आता गाडी. ती वडगावात दुसऱ्या घरी गेली होती. तिथून निघायला उशीर झाला, पुढं दुसरं रेल्वे गेट पडलेलं. पण तुम्हाला 'अर्धा तास' सांगितलं ते चुकलं. 'तास-सव्वा तास लागेल' असंच सांगायला हवं होतं. घरातल्या माणसाला वाट बघण्याहून खोट्या वेळेचा त्रास जास्त होतो, हे या कामात असून मी विसरलो. त्या सव्वा तासात तुमच्या आईंना फोनवरून मी तीन गोष्टी करायला लावल्या होत्या: डोळ्यांवर ओला कापूस, हनुवटीखालून डोक्यावर मऊ फडकं, पायांचे अंगठे एकत्र. तुम्ही वाटेत होता, त्यामुळं हे तुम्हाला कदाचित कळलं नसेल. तीन-चार तासांत देह आखडायला लागतो आणि बारा तासांच्या आसपास पुरता ताठरतो. मग जबडा मिटवायचा म्हटलं तर जोर लावावा लागतो, तो आम्हाला लावायचा नसतो. आईंनी रडत रडत सगळं नीट केलं. बाबांचा चेहरा तुम्हाला शांत दिसला असेल तर तो त्यांच्या हातामुळं.

आणि ते "निधन".

तो शब्द 'निधान' होता, ताई. कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश. आमचे ड्रायव्हर बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी त्यांना येतं, पण ओझं खांद्यावर असलं की माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो. लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही. तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरवायचं, आषाढातला पाऊस, पायऱ्या ओल्या. उतरताना पुढच्यांनी हात उंच धरायचे, मागच्यांनी खाली, नाहीतर देह पायांकडे सरकतो. वळणावर मागचा एक मुलगा, तुमच्या नात्यातलाच असावा, घाई करत होता. त्याला ते सांगत होते: निधान, निधान. तुमच्या बाबांना धक्का बसू नये म्हणून. तुम्हाला त्या घडीला काय ऐकू आलं असेल ते मी समजू शकतो. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, "मी असं म्हणेन का?" यापुढं आमच्या गाडीवरची माणसं मराठी घरी 'हळू' म्हणतील आणि कन्नड घरी 'निधान'. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

भाषेचं निघालंच म्हणून सांगतो. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा पाटीवर 'बेळगाव' होतं आणि जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला शहराचं बेळगावी. पाटी प्रत्येक वेळी नवी रंगवली. आत मात्र तेच काम चाललंय. मराठा घरासाठी तिरडी बांधतो, लिंगायत घरासाठी देह बसवून न्यायचं विमान सजवतो. विमानाची पाठ कशी बांधायची, विभूती आणि बेलपत्र कुठं, हे आजोबा एका लिंगायत म्हाताऱ्याकडून शिकले आणि मी वडिलांकडून.

'धंदा मांडलाय' या शब्दांवर एकच गोष्ट सांगतो. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. कितीतरी मुलं पलीकडे अडकली. त्यांच्या अस्थी आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत खुंट्यांना टांगून ठेवल्या होत्या, प्रत्येक मडक्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, वर नाव आणि तिथी. माझी आई रोज संध्याकाळी तिथं एक दिवा लावायची. शेवटचं मडकं दिवाळीनंतर गेलं. त्याचं भाडं आम्ही लावलं नाही, लावायचं असतं हे सुचलंही नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या घरात मी वाढलो, आणि तरी तुम्हाला तिसऱ्या दिवशी बिल गेलं, म्हणूनच ते जास्त लाजिरवाणं वाटतं.

एक कामाचं. बाबा घरीच गेले, त्यामुळं मृत्यूची नोंद दवाखाना करणार नाही, ती तुम्हालाच करावी लागेल. २१ दिवसांच्या आत केली तर सोपं, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या लागतात. डॉक्टरांचा दाखला आणि बाबांचं आधार कार्ड जवळ ठेवा. दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. नावाचं इंग्रजी स्पेलिंग बँकेच्या पासबुकाशी आधीच जुळवून घ्या, नाहीतर पुण्यात अडेल. सोबत कुणी हवं असेल तर मी येतो, त्याचे पैसे नाहीत.

आणि स्मशानात पाणी द्यायला नेलेला पितळी तांब्या गाडीत राहिला होता. काठावर तुमच्या आजींचं नाव कोरलेलं आहे. ड्रायव्हर मामांनी चिंचेनं घासून ठेवलाय. तेराव्याच्या आधी घरी आणून देऊ, की तुमच्यातलं कुणी न्यायला येणार, तेवढं कळवा.