प्रतिबंधक पंपाचा उल्लेखच नाही

दम्याच्या प्रौढ रुग्णाला घरचा आधार म्हणजे धूळ, उदबत्ती आणि फोडणीचा धूर त्याच्यापासून दूर ठेवणे, असे दम्याच्या रुग्णाच्या घरच्या काळजीवरील तुमच्या लेखात म्हटले आहे. ते योग्यच आहे, परंतु रोजच्या प्रतिबंधक पंपाबद्दल, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी ठेवणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपाबद्दल, त्यात एक शब्दही नाही. माझ्या सासूबाईंना जुना दमा आहे आणि थोडे बरे वाटू लागले की स्टेरॉइडचा पंप कपाटात जाई व धाप लागल्यावर तेवढा तात्पुरता आराम देणारा निळा पंप शोधला जाई. निळ्या पंपाने श्वासनलिका काही तासांपुरत्या सैलावतात, आतली सूज मात्र तशीच राहते; म्हणूनच 'जीना' या दम्याविषयीच्या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून प्रौढांना केवळ त्याच पंपावर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे.

शिवाय पंप घेण्याची रीत घरातल्या कोणीतरी अधूनमधून शेजारी बसून पाहायला हवी: पंप हलवणे, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावणे, सावकाश श्वास ओढून सुमारे दहा सेकंद रोखणे आणि स्टेरॉइडनंतर चूळ भरून टाकणे. 'पंपाची सवय लागते' असे ऐकवणारे नातेवाईक (ते प्रत्येक घरात असतातच) मला धुळीइतकेच त्रासदायक वाटतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावे, हेही लेखात यायला हवे होते.