बी.ए.वाल्याले फॉरेनले कोण नेते?

सोयाबीन सोंगणीच्या धामधुमीत आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. 'परदेशातल्या शिष्यवृत्त्या इंजिनिअर-डॉक्टरांसाठी असतात, बी.ए.-एम.ए.ला कोणी विचारत नाही. आधी बँकेत वीस-पंचवीस लाख दाखवावे लागतात. मराठी माध्यमाचं पोरगं मुलाखतीतच गळतं. शेतकऱ्याच्या पोरांनी नादी लागू नये, गुमान स्पर्धा परीक्षा द्यावी.' खाली हात जोडल्याचे वीसेक इमोजी. मी यवतमाळ जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे दिवसभरात तो मला सात जणांनी पाठवला. एका विद्यार्थिनीने सोबत विचारलं, "सर, खरं हाय का? मंग मी फॉर्म कायले भरू?"

गंमत अशी की ज्या ग्रुपवर तो आधी आला, त्याच्या डीपीत कोट घातलेले बाबासाहेब आहेत. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे ते शिकले अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'आर्ट्स' म्हणून नाक मुरडतात, तेच.

हे झालं शंभर वर्षांपूर्वीचं. आता आजचं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्ससाठी असते आणि तिला विषयाचं बंधन नाही. अमेरिकेत शिकायला नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सच्या यादीत सार्वजनिक प्रशासन, स्त्री-अभ्यास, वारसा संवर्धन आहे. युरोपातल्या इरॅस्मस मुंडसमध्ये दोन-तीन देशांत फिरत शिकता येतं आणि महिन्याला 1400 युरो मिळतात. फॉरवर्डवाल्याने इनलॅक्स या खासगी शिष्यवृत्तीचे नियम तर जरूर वाचावेत. ही शिष्यवृत्ती ज्यांना मिळत नाही त्यांची एक यादीच आहे, आणि तीत इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस आणि मेडिकल बसलेत! मुख्य अटी अशा की वय तिशीच्या आत हवं आणि प्रवेश आधी हातात हवा.

बँकेतले लाख ही अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे. स्वतःच्या पैशाने जर्मनीला जाणाऱ्याला खरंच एका खात्यात वर्षाचे बारा हजारांच्या आसपास युरो अडकवून ठेवावे लागतात. ज्याला डाड (DAAD, जर्मनीची शिष्यवृत्ती) किंवा चेव्हनिंगसारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, त्याचं शिष्यवृत्तीचं पत्रच तिथे चालतं. फी, राहण्याखाण्याचा खर्च, विमान हे देणारा देतो. पण गाडी सुटण्याआधीचा खर्च आपल्याच खिशातून जातो, हे मी लपवणार नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार, पासपोर्ट, नागपूरच्या चकरा. एका एकरातल्या कापसाचा हिशेब ज्याला माहीत आहे, त्याला हा आकडा लहान वाटणार नाही. म्हणून ही परीक्षा शेवटी द्या. चेव्हनिंगच्या अर्जाला ती लागत नाही, फीही लागत नाही. इंग्रजीचा दाखला विद्यापीठ मागतं, तेही प्रवेशाच्या वेळी.

मुलाखतीत गळण्याबद्दल. आमची पोरं गळतात ती मुलाखतीच्या बऱ्याच आधी, निबंधात. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीने चेव्हनिंगच्या अर्जासाठी नेतृत्वावरचा निबंध लिहून आणला. पहिलं वाक्य: 'मी मेहनती, जिद्दी आणि प्रामाणिक आहे.' दोन पानं तसंच. मी विचारलं, गावात काय करतेस? म्हणाली, "काही नाही सर, निराधारच्या बायांचे फॉर्म भरून देते." किती? वही काढली. चाळीस पानी वही, डावीकडे नाव, उजवीकडे काय अडलं: आधारवर जन्मतारीख चुकली, अंगठा उमटत नाही, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडे. एकशे बारा नावं. ही वही तिने निबंधात एका ओळीनेही आणली नव्हती. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, ही वही नसली तर चालत नाही. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे 2021 साली चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले, तेही शेतकरी घरातलेच आणि आपल्या भागात मुलांबरोबर काम करत असलेले.

आता फॉरवर्डचा जो भाग खरा आहे, तो सांगतो. जागा कमी आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत देशभरासाठी 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, बाकी भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर. आदिवासींची वेगळी योजना आहे, तिच्यात फक्त 20. आणि 2022 मध्ये सामाजिक न्याय खात्याने नियमावलीत असं कलम घातलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती नाही. भटक्यांच्या पालावरच्या पोराने स्वतःच्या पालावर संशोधन करायचं म्हटलं, तर या पैशातून करता येत नाही. हे मला मुळीच पटत नाही. राग धरायचा तर या कलमावर धरा. पण त्या एका कलमापायी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, चेव्हनिंग, ब्रिटनमधल्याच कॉमनवेल्थ आणि फेलिक्स शिष्यवृत्त्या अशी सगळीच दारं बंद समजण्यात शहाणपण नाही.

स्पर्धा परीक्षेचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. फक्त एक हिशेब. चेव्हनिंगला वयाची अट नाही, दोन वर्षांचा म्हणजे 2800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग तास मोजायला बसले.

खरी मारामारी तारखांशी आहे. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जायचं तर चेव्हनिंगचा अर्ज यंदाच्या ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, ऐन सोंगणीत. त्याआधी कागद जुळायला हवेत. या मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव 'रामराव', आधारवर 'रामा', उत्पन्नाच्या दाखल्यावर 'रामराव उर्फ रामाजी'. तिघेही एकच गृहस्थ, आणि ते परवा माझ्यासमोर बसून विचारत होते की यातला खरा मी कोणता. प्रतिज्ञापत्र केलं. निबंध तिने नव्याने लिहिला, पहिल्याच ओळीत ती वही आहे. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मात्र अजून विद्यापीठातून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जायचं आहे.