भाऊंची बुलेटप्रूफ

भाऊ, बुलेटप्रूफ गाडी घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी पांढरी फॉर्च्युनर घ्या. गोळी कोण झाडणार नि कशातून, हे नंतर बघू. पिस्तुलाची भीती असेल तर बी4 लेव्हलचं संरक्षण पुरतं, एके-47ची असेल तर बी6 लागतं. पण चौकात लेव्हल विचारतो कोण? तेव्हा काचा तेवढ्या जाड करा, दारांचा पत्रा कंपनीचाच राहू द्या. गोळी पत्र्यातून आरपार जाईल, पण काचेला ओरखडा येणार नाही. महाग तीच आहे.

सर्टिफिकेट मागाल तर तेही काचेचंच मिळेल. फ्रेम करून लावा. युरोपियन चाचणीत बी6 काचेवर दहा मीटरवरून तीन गोळ्या झाडतात, त्रिकोणात, एकमेकींपासून 120 मिलिमीटरवर. मारेकऱ्याला मोजपट्टी घेऊन यायला सांगा. दाराच्या फटीतून गोळी आत शिरू नये म्हणून मागे पोलादी पट्टीचा ओव्हरलॅप दिलाय का, हे मात्र विचारू नका. कारागिराचा मूड जातो.

पूर्ण बी6 काम केलं तर हजारेक किलो वजन वाढतं. बिजागऱ्या, ब्रेक, सस्पेन्शन तरी मूळचेच ठेवा. दार लोंबायला लागेल, मग उचलून लावायचं. खंबाटकी उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडेल, तेव्हा ड्रायव्हरशी गप्पा मारू नका. टायर फुटल्यावरही गाडी पळत राहावी म्हणून आत रनफ्लॅटची रिंग बसवतात. हल्ल्याच्या जागेवरून निसटणं हेच या गाडीचं खरं काम, पण रिंग बाहेरून दिसत नाही. त्या पैशात अलॉय व्हील येतात.

आरटीओकडे जाऊच नका. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, पण ते अपघातानंतर, विमा कंपनीच्या तोंडून ऐकायचं असतं.

गाडी भर उन्हात लावा. काच आणि तिच्या आतला पॉलीकार्बोनेटचा थर उन्हात सारखे फुगत नाहीत. थर सुटतात, बुडबुडे येतात, कडा दुधाळ होतात. काळ्या फिल्मला 2012 पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे, तिची हौस अशी भागते.

सनरूफ हवंच. मिरवणुकीत कमरेपर्यंत बाहेर येऊन हात हलवता येतो, कमरेखाली पत्रा आहेच.

राहता राहिला गुटखा. मागच्या काचा खाली होत नाहीत, ड्रायव्हरची उतरलीच तर चार बोटं. म्हणजे पिंक टाकायला प्रत्येक सिग्नलला दार उघडा, वाका, सावकाश थुंका. जड दार आहे, लावायला घाई करू नका, बोट चेमटेल.