मांजर चवथीनंतरच आणा

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी प्राण्यांच्या निवाऱ्यातलं एक मांजर यायचं आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. निवाऱ्यानं भाचीला अट घातली आहे की सगळ्या खिडक्यांना जाळी मारा आणि मांजर कायम घरातच ठेवा. आजीच्या मते मांजर कोंडणं हे परदेशी फॅड. मांजर घर धरतं, दोन दिवस बांगड्याची डोकी घातली की राहील आपोआप. मी लेस्टरला राहते, म्हणून साक्षीला मला ओढलं.

इंग्लंडात मांजरं कोंडत नाहीत. बहुतेक मांजरं बाहेर हिंडतात, कित्येक घरांच्या दाराला त्यांच्यापुरती झडप असते. पण नवं मांजर पहिले तीन-चार आठवडे बाहेर सोडू नये, असं कॅट्स प्रोटेक्शनसारख्या जुन्या संस्था बजावून सांगतात. त्याआधी नसबंदी झालेली असते. ओळख पटवणारी, कातडीखाली बसवायची चिप तर १० जून २०२४ पासून कायद्यानंच सक्तीची आहे, मांजर वीस आठवड्यांचं व्हायच्या आत. मोकळीक मिळते, पण एवढं सगळं झाल्यावर.

आजीचं 'घर धरतं' हे खरंच आहे. फक्त धरायला वेळ लागतो, आणि एकदम अख्खं घर धरता येत नाही. मांजराची ओळख वासावर चालते. म्हणून आधी एकच खोली द्यावी, आमच्याकडे कोठीची खोली उत्तम. एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, खाणं-पाणी त्याच्यापासून लांब, लपायला आडवं ठेवलेलं खोकं, आणि त्यात निवाऱ्यातलंच न धुतलेलं फडकं. मांजर खोक्यात बसून राहिलं तर राहू द्यावं, ओढून बाहेर काढू नये. जमिनीवर बसावं, नजर रोखू नये, डोळे सावकाश मिटून उघडावेत. काही दिवसांनी ते दाराच्या चौकटीला, खोक्याच्या कडेला गाल घासू लागतं. गालातल्या ग्रंथींचा वास ते तिथे लावत असतं. हे दिसलं की पुढची खोली उघडावी.

खाणं पहिले काही दिवस निवाऱ्यात होतं तेच. दूध नको, मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही. बांगडा द्यायचाच तर उकडून, काटे काढून, थोडासा. आणि एक दिवसाहून जास्त काहीच खाल्लं नाही तर 'रुसलंय' म्हणून थांबू नये, डॉक्टरला फोन करावा. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं.

जाळीबद्दल मात्र मी निवाऱ्याच्या बाजूनं नाही. पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला जाळी हवीच. पण आमचं घर रस्त्यापासून आत, मागे कुळागर म्हणजे माडा-पोफळीची बाग, घरात सदैव माणूस. अशा घराला एकाच अटीवर नकार दिला तर ते मांजर पिंजऱ्यातच राहणार. कुत्र्यांना रेबीजची लस देण्याचं मोठं काम गोव्यात २०१४ पासून चाललंय, तरी इंग्लंडसारखी निर्धास्त स्थिती इथे नाही. त्यामुळे रेबीजसकट सगळ्या लसी आणि नसबंदी झाल्याशिवाय कुळागरात पाऊल नको. निवाऱ्यानं अट घालायची तर ही घालावी.

आणि निवाऱ्यानं विचारायलाच हवा होता असा एक प्रश्न राहून गेला: चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, कधी? भाचीला मांजर चवथीच्या आदल्या आठवड्यात मिळणार आहे. मुंबईहून काका-काकी येणार, कोठीची खोली माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानानं भरणार, आरत्या, फटाके, दिवसभर उघडी दारं. अशा घरातून घाबरलेलं मांजर पहिल्याच रात्री कुळागरात पळेल, आणि ज्या घराचा वास अजून ओळखीचा झालेला नाही तिथे ते परत कसं येणार? निवाऱ्यांनी चवथीच्या आधीचा पंधरवडा आणि दिवाळीतली, पुतळे जाळायची नरकासुराची रात्र टाळूनच मांजरं द्यावीत. भाचीनं फोन करून तारीख पुढे ढकलावी, गणपती पोचवून पाहुणे गेले की कोठी रिकामी करावी, मग मांजर आणावं. तोवर निवाऱ्यात जाऊन त्याच्याजवळ बसायला कुणाची ना नाही. आजीलाही घेऊन जा.