एफ श्रेणीच्या दाखल्याविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

इंग्लंडमधील रेडिंग येथे आपण भाड्याने दिलेल्या घराची ऊर्जा-तपासणी करून ऊर्जा-दाखला (घराला 'ए' या सर्वांत चांगल्या ते 'जी' या सर्वांत खालच्या श्रेणीत बसवणारा कागद) मी स्वतः दिला होता, म्हणून उत्तरही मीच लिहीत आहे. आपण एक तारा देऊन चार तक्रारी नोंदवल्या आहेत: मी चाळीस मिनिटे उशिरा आलो; पूर्वी ई श्रेणीत असलेल्या घराला ३७ गुण देऊन एफमध्ये ढकलले; छपराखालच्या खोलीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, असल्याचे सांगूनही ते धरले नाही; आणि ई श्रेणी ३९ पासून सुरू होत असताना कमी पडलेले दोन गुण 'आपला माणूस' म्हणूनही वाढवले नाहीत.

पहिली तक्रार खरी आहे. आधीच्या घरचे काम लांबले, तेव्हा फोन करायला हवा होता. मी केला नाही. आपल्या भाडेकरू बाई कामावर जायच्या खोळंबल्या होत्या. त्यांची माफी मी दारातच मागितली होती, आपली येथे मागतो.

श्रेणी घसरण्याचे मोठे कारण मात्र वेगळे आहे. जुन्या दाखल्याच्या वेळी घरात गॅस बॉयलर होता. तो काढून आपण भिंतीवरचे विजेचे पॅनेल हीटर बसवले, आणि विजेचा हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतो असे आपण लिहिले आहे. हीटरपुरते ते बरोबर आहे. पण दाखल्यावरचे गुण हे ठरावीक तापमान राखायला दर चौरस मीटरमागे किती खर्च येईल यावर ठरतात, आणि या देशात विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटपेक्षा कितीतरी महाग पडते. भाडेकरूंचे बिल कमी येते हा आपला मुद्दाही येथे लागू होत नाही, कारण हिशेबात बैठकीची खोली २१ अंशांपर्यंत तापवली जाते असे धरलेले असते. कोणी स्वेटर घालून भागवत असेल तर त्याने घराचे गुण वाढत नाहीत. शेजारच्या तशाच घराला डी मिळाल्याचे आपण म्हणता. त्याचा दाखला सरकारी नोंदणीत कोणालाही पाहता येतो, आणि त्यात गॅस बॉयलर नोंदलेला आहे.

भिंतींबद्दल आपण काही लिहिलेले नाही, तरी सांगतो. समोरच्या भिंतीत लाल विटांच्या लांब बाजूंमध्ये एकाआड एक राखी टोके दिसतात. रेडिंगच्या जुन्या गल्ल्यांची ही शोभाच आहे, पण भिंत भरीव असून मध्ये पोकळी नाही, हे त्यावरूनच कळते. दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजली, तीही तेच सांगत होती. अशा भिंतीतून उष्णता भराभर बाहेर जाते.

आता छपराखालची खोली. उतरत्या छताला प्लास्टर आहे आणि बाजूच्या पोकळीचे झाकण स्क्रूंनी बंद करून वर रंग दिलेला आहे. भिंत किंवा छत फोडून पाहण्याचा अधिकार मला नाही. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा कागदही नाही, त्यासाठी बांधकामाच्या काळानुसार ठरलेले गृहीतकच धरावे लागते. खोली २००९ साली केली असे आपण फोनवर सांगितले, परंतु तोंडी माहिती पुरावा ठरत नाही. मला मान्यता देणारी संस्था कोणत्याही तपासणीचे फोटो आणि नोंदी मागवू शकते. तेव्हा ते दोन गुण कोठून आले याला माझ्याकडे उत्तर नसते. हे कागद तयार ठेवा, असे भेट ठरवतानाच सांगायला हवे होते. ती चूक आमच्या कार्यालयाची आहे. म्हणून दुसऱ्या भेटीचे घेतलेले ४० पौंड परत करत आहोत.

एफ दाखल्यामुळे आपली झालेली अडचण मला कळते. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही किमान ई श्रेणी लागते, आणि नोंदलेल्या सवलतीशिवाय खालच्या श्रेणीतले घर भाड्याने दिल्यास एका घरामागे ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॅट धरून ३,५०० पौंडांच्या मर्यादेत शक्य त्या सुधारणा करूनही घर ई श्रेणीत आले नाही, तर पाच वर्षांची सवलत नोंदवता येते. पण तो मार्ग नंतरचा.

आधी त्या छपराखालच्या खोलीचे काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचे कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, पूर्णत्व प्रमाणपत्र शोधावे. घरात सापडले नाही तर कौन्सिलच्या बांधकाम तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोल विभागाकडे प्रत मागावी. त्यावर २००९ ची तारीख असेल, तर त्या काळच्या नियमांप्रमाणे इन्सुलेशन धरून मी नवा दाखला विनामूल्य नोंदवीन. गुण ३९ वर जातीलच असे वचन मी देत नाही, परंतु शक्यता चांगली आहे. प्रत मिळाली नाही, तर ते रंगवलेले झाकण सुताराकडून उघडून घ्यावे, म्हणजे मला आत टॉर्च मारून निदान त्या पोकळीकडचे इन्सुलेशन पाहता आणि मोजता येईल. त्या दिवशी निघण्यापूर्वी भाडेकरू बाईंना आणि आपल्याला, दोघांनाही फोन करीन.