दुपारी बारा वाजता तांदूळ निवडता येतात का?

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. दुपारचे बारा वाजलेले, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आत्या खाली फतकल मारून सुपात तांदूळ निवडत बसलेली आणि डोक्यावर ट्यूबलाइट चालू. मी सहज म्हटलं, "आत्या, दिवसाढवळ्या लाइट कशाला गं?" ती मान वर न करता म्हणाली, "अरे, खडा कुठला नि कणी कुठली, कळत नाही इथं. चष्मा बदलून झाला, आता डोळेच बदलायचे राहिलेत."

घर दुसऱ्या मजल्यावर. झोपडपट्टी पुनर्वसनाची सात मजली इमारत, पूर्व उपनगरात. भागही सांगत नाही आणि बिल्डरचं नावही नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एकावर घसरते आणि बाकीचे अलगद सुटतात.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करतो, अठरा वर्षं झाली. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की चहा येईपर्यंत डोक्यात प्लॅन तयार होतो, सवयच आहे ती. आत्याचं घर २६९ चौरस फुटांचं, मोरी-संडास धरून. बाहेरची खोली साधारण १० बाय १२. एका भिंतीत मुख्य दार. डाव्या भिंतीत तीन तोंडं: स्वयंपाकाच्या कोपऱ्याचं, मोरीचं आणि संडासाचं. समोरच्या भिंतीत खिडकी. म्हणजे अख्खी भिंत राहिली एकच, तिला लागून पलंग. मग लग्नात आलेलं गोदरेजचं कपाट कुठे ठेवणार? खिडकीच्या भिंतीला. त्या कपाटाने खिडकी अर्धी झाकली गेली आहे. उरलेल्या अर्ध्या खिडकीत लोखंडी ग्रिल, ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे, कपड्यांच्या पलीकडे समोरच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरचे पाण्याच्या ओलीचे डाग मला आता नकाशासारखे पाठ झालेत.

ही खोली कागदावर पास आहे. एकही नियम मोडलेला नाही. हेच मला सांगायचंय.

आपल्याकडे गरिबांच्या घराबद्दल बोलायचं म्हणजे चौरस फूट बोलायचं. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेव्हा २२५. मग २००८ च्या सुमारास २६९. मग ३००. मुंबईतल्या ब्रिटिशकालीन बीडीडी चाळींना ५००. प्रत्येक वेळी आकडा वाढला की पेढे वाटले जातात, बॅनर लागतात, श्रेय घ्यायला चार पक्ष पुढे येतात. जागा वाढली हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुरकुर नाही. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० फुटांचा आनंद मी कोण शिकवणार? पण त्या फुटांमध्ये ऊन किती, वारं किती, दार उघडल्यावर कुठे आपटतं, ओले कपडे कुठे जातात, यातला एकही प्रश्न त्या आकड्यात नाही. आंदोलनाच्या मागण्यांत नसतो, सरकारी जाहिरातीत तर नसतोच. आणि खरं सांगायचं तर आमच्या ड्रॉइंग बोर्डवरही नसतो.

असे नकाशे मी स्वतः काढलेत. पुनर्वसनाची इमारत आली की ऑफिसात तो पाहुणा नसतो, उरकायचं काम असतं. आधी बिल्डरला बाजारभावाने विकायची असते ती विक्रीची इमारत बसवायची, तिला रस्ता, तिला व्ह्यू, तिला पोडियम. मग प्लॉटचा उरलेला तुकडा घ्यायचा आणि त्यात पात्र झोपडीधारक बसवायचे. हेक्टरी किमान ६५० घरं बसलीच पाहिजेत, असा हिशेब. शिवाय पुनर्वसनाच्या इमारतींना आजूबाजूच्या मोकळ्या जागेत सवलत मिळते, म्हणजे ती कमी सोडली तरी चालते. मी एकदा एका मजल्यावर बारा घरं बसवली होती, मधल्या पॅसेजला दोन्ही टोकांना लिफ्ट-जिना आणि डक्ट. पॅसेजमध्ये उजेड शून्य. साहेबांनी पाठीवर थाप मारली, "तेरावं नाही बसत?" मी तेव्हा हसलो होतो. आता आत्याच्या पॅसेजमधून मोबाईलचा टॉर्च लावून चालताना ते हसू आठवतं.

उजेडाचा हिशेब अवघड नाही, दहावीच्या भूमितीत बसतो. २२ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवर असतो. दोन इमारतींमध्ये ३ मीटरची फट असेल, तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडकीच्या बाजूला ऊन समोरच्या गच्चीच्या कडेपासून जेमतेम सव्वातीन मीटर खाली उतरतं. म्हणजे एक मजला. सातव्या मजल्याला ऊन, सहाव्याला उजेड, चौथ्याला संधिप्रकाश आणि दुसऱ्याला आत्या. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा थोडा वेळ त्या फटीत उन्हाची एक पट्टी पडते म्हणे. आत्या म्हणते, तेवढ्यात ती उशा बाहेर धरते.

यावर कुणीतरी लगेच म्हणेल, राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे की. आहे. उष्ण-दमट हवामानात खिडकी-झरोक्यांचं क्षेत्र खोलीच्या एक षष्ठांश तरी असावं, असं तीत लिहिलंय. पण ती खिडकी आभाळाकडे उघडते की समोरच्याच्या मोरीच्या पाइपांकडे, हे त्या एक षष्ठांशात कळत नाही. आणि आरपार वारं तर विसराच. दोन घरांच्या पाठी एकमेकांना चिकटलेल्या, त्यामुळे उघडायला एकच बाजू. इकडून आलेल्या वाऱ्याला तिकडे जायला वाटच नाही. आमच्या सोनाराची फुंकायची नळीसुद्धा यापेक्षा बरी, ती निदान दोन्हीकडून उघडी.

अंधार म्हणजे नुसती गैरसोय असंही नाही. गोवंडी-मानखुर्दकडे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेल्या लोकांसाठी लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या वसाहती उभ्या राहिल्या. इमारतींमध्ये अंतर ३ मीटरच्या आसपास. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या डॉक्टरांनी या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच, जरा मोकळ्या मांडणीच्या पीएमजी कॉलनीशी केली. त्यांचा अहवाल २०१८ मध्ये आला. दाट वसाहतींत टीबी कितीतरी जास्त आणि खालच्या मजल्यांवर आणखी जास्त. ऊन नाही, हवा खेळत नाही, जंतू टिकून राहतात. विचार करा, माणूस झोपडीतून 'पक्क्या' घरात आला आणि आजारी पडला. झोपडीला निदान पत्रा होता, पत्र्याला फटी होत्या आणि दाराबाहेर ओटा होता.

ओट्यावरून आठवलं. आत्या वीस वर्षं पापड लाटायची. झोपडी होती तेव्हा पीठ मळायचं आत, लाटायचं ओट्यावर, वाळवायचं समोरच्या खाटेवर. दुपारी चार-पाच बायका जमायच्या, त्यात मुलं सांभाळली जायची, भांडणं व्हायची आणि मिटायचीही. नव्या घरात आल्यावर पहिल्या पावसाळ्यातच पापड बंद झाले. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. पॅसेजमध्ये अंधार आणि फायरच्या नियमाने तिथे काही ठेवायचं नाही. महिन्याची ती कमाई गेली आणि वर मेंटेनन्स, पंपाचं आणि लिफ्टचं बिल आलं. बिल्डरने सोसायटीच्या नावे घरामागे काही रक्कम ठेवायची असते. पूर्वी २० हजार होते, नंतर ४० हजार झाले. त्याच्या व्याजावर आजकालची लिफ्ट किती दिवस चालते, ते कुठल्याही लिफ्टवाल्याला विचारा. आत्याची लिफ्ट गेल्या गणपतीपासून तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथेच अडकली आहे, या अर्थाने.

लोक घरात फक्त झोपत नाहीत, घरात कमावतात, ही साधी गोष्ट नकाशात कुठेच नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावात एका पुनर्वसन इमारतीला रात्री आग लागली, आठवतंय? तिथली बरीच कुटुंबं जुने कपडे गोळा करून विकणारी. गाठोडी खाली, गाड्यांजवळ. धूर जिन्यातून वर गेला आणि झोपलेली माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, लोकांना शिस्त नाही. मला प्रश्न पडला की गाठोड्यांवर पोट असणाऱ्या शंभर माणसांच्या इमारतीचा नकाशा काढताना गाठोड्यांसाठी एक बंद, सुरक्षित खोली का नव्हती? विक्रीच्या इमारतीत जिमला जागा असते. क्लबहाउसला असते. ड्रायव्हरांच्या खोलीलाही असते.

आता येऊ त्या हुकमी वाक्याकडे. "फुकट मिळालंय, आणखी काय पाहिजे?" ही पोस्ट टाकली की पहिली कमेंट हीच येणार, म्हणून आधीच बोलून टाकतो. फुकट कुणी दिलं? बिल्डरने खिशातून दिलं नाही. त्याला त्या जमिनीवर वाढीव एफएसआय मिळाला, म्हणजे प्लॉटच्या कितीतरी पट बांधकामाची परवानगी, टीडीआर मिळाला, म्हणजे तोच बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, आणि बऱ्याच ठिकाणी ती जमीन तुमची-माझी, सरकारची किंवा महापालिकेची होती. तिजोरीतून चेक निघाला नाही म्हणून तो सरकारी पैसा नाही, असं होत नाही. शहराने आपली हवेतली जागा दिली, त्याचा मोबदला म्हणून ही घरं आली. उलट प्रधानमंत्री आवास योजनेत तर थेट पैसा आहे, केंद्राचा आणि राज्याचा. तिथेही ३० चौरस मीटर हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण खिडकी कुठल्या दिशेला असावी यावर कुणी बोलत नाही. आपण मोबदला देतोय तर माल तपासून घ्यायला नको? बाजारात दोडका घेताना टोक मोडून बघतो आपण.

आणि चांगलं करायला फार पैसे लागतात, हे मला मान्य नाही. दोन दारं एका भिंतीत आणली तर जादा विटा लागत नाहीत. मोरीचं दार स्वयंपाकाच्या ओट्यासमोर न येता बाजूला आलं, तर खर्च शून्य. पॅसेजच्या टोकाला लिफ्टऐवजी जाळीची भिंत आली तर उजेडही आला, वारंही आलं आणि धुराला बाहेर पडायला वाट झाली. जिथे खरंच पैसे पडतात ते इमारतींमधलं अंतर. तिथे विक्रीच्या दोन मजल्यांचा प्रश्न येतो आणि तिथे आम्ही ड्रॉइंगवाले गप्प बसतो.

आपल्याच इथे हे करून दाखवलेलं आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज केलं. मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं छोटं अंगण, भोवती सात घरं. अशी तीन अंगणं जोडून एक मोठं अंगण. प्लॉट छोटे, ४५ ते ७५ चौरस मीटरचे. पण प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याची भिंत वापरायची नाही, म्हणजे हात आला की आपलं आपण वाढवता येतं. मी तिथे दोनदा पायी हिंडलोय. मूळची उतरत्या छपराची घरं आता शोधावी लागतात, लोकांनी पाडून दोन-तीन मजली बंगले चढवलेत, टाइल्स, स्टीलची रेलिंग, सगळा थाट. काही आर्किटेक्ट मित्र हळहळतात. मला उलटं वाटतं. घरं बदलली, पण अंगणं राहिली. त्यात सायकली फिरतात, वाळवणं पडतात. मुंबईच्या भावात ती मांडणी जशीच्या तशी चालणार नाही, सात मजले लागतीलच, हे मीही जाणतो. पण निदान कुणीतरी अंगणापासून सुरुवात केली होती आणि घरं नंतर आखली. आम्ही घरं कोंबतो आणि राहिलेल्या फटीला 'ओपन स्पेस' लिहितो.

बीडीडी चाळी वाईट म्हणून पाडतोय. १९२० च्या दशकात बांधल्या तेव्हाही लोक जायला तयार नव्हते आणि १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला, इतकी त्यांची ख्याती. तरी त्या २०७ चाळींत लोकांनी शंभर वर्षं काढली, व्हरांड्यात आणि मधल्या मैदानांत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत टॉवरमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. घरं मोठी आहेत, टापटीप आहेत, लोक खूश आहेत, मीही खूश आहे. तिथल्या विसाव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये पाच वर्षांनी काय चाललंय, ते मात्र कुणीतरी जाऊन बघायला हवं.

कारण आपल्याकडे ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जायचा दाखला, मिळालं की संपलं. नकाशा काढणारा परत त्या घरात कधीच जात नाही. मीही आत्या नसती तर गेलो नसतो. माझी मागणी तेवढीच आहे, दोन कलमी. पहिली, नकाशा मंजुरीला येतो तेव्हा सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर २२ डिसेंबरला किती उजेड पोचतो, हे दाखवणारी एक शीट सक्तीची करा. सॉफ्टवेअरमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, माझ्याच कॉम्प्युटरवर आहे, विक्रीच्या फ्लॅटसाठी आम्ही करतोच. दुसरी, लोक राहायला गेल्यावर दोन वर्षांनी त्याच आर्किटेक्टने त्या इमारतीत जाऊन पाहणी करायची आणि अहवाल पुढच्या प्रकल्पाच्या अर्जाला जोडायचा. कपाट कुठे ठेवलंय, कपडे कुठे वाळतात, दिवा कधी लागतो. गोड गोड फोटो नकोत.

तोवर आपणच सुरू करू. तुम्ही किंवा तुमचं कुणी पुनर्वसनाच्या, म्हाडाच्या, आवास योजनेच्या इमारतीत राहत असेल, तर कमेंटमध्ये चारच गोष्टी लिहा: मजला, खिडकीची दिशा, समोरची इमारत अंदाजे किती पावलांवर, आणि दुपारी बारा वाजता तांदूळ निवडायला दिवा लावावा लागतो का. मी एक्सेलमध्ये भरतो.

आत्याचं मी भरून टाकलंय. दुसरा मजला, दक्षिण, चार पावलं. लावावा लागतो.